खांबासमोर दीड इंच

माझ्या नणदेच्या नवऱ्याचं मी वाईट केलं. ते चुकून झालं नाही, रागाच्या भरातही झालं नाही. मनात धरून, वेळ बघून केलं. बाहेर सगळे म्हणतात की त्यांचे दिवस फिरले. फिरले नाहीत, मी फिरवले. चार माणसांत मला बोलता येत नाही, शब्द घशातच राहतो. कागदावर तसं होत नाही, म्हणून इथं लिहिते.

हे आधी मिलमध्ये बॉयलरवर होते. उज्जैनमध्ये त्या वर्षांत एकेका मिलचा भोंगा गप्प होत गेला, तसा यांच्याही मिलचा झाला. बरोबरचे लोक कुणी ऑटो घेतली, कुणी देवास गेटला फळांचा ठेला लावला. यांना यंत्राशिवाय करमेना. तेव्हा नणदेचे नवरे, ज्यांना मी भाऊजी म्हणते, एका प्लॉट पाडून विकणाऱ्या शेठजींकडं सुपरवायझर होते. नानाखेड्याच्या पुढची शेतं विकली जात होती, आणि जिथं गहू असायचा तिथं चुन्याच्या रेघा दिसत होत्या. बँकेतले, रेल्वेतले, शाळेतले लोक तिथं प्लॉट घेत होते, त्यांत आपले मराठीही पुष्कळ. भाऊजींनी यांना तिथं रोलरवर बसवलं.

"सालेसाहेब," ते म्हणाले, "बॉयलर सांभाळलात, आता हा हत्ती सांभाळा."

सासूबाईंनी त्या दिवशी त्यांच्यासाठी श्रीखंड केलं. जावयानं हात दिला, हे त्या पुढं कितीतरी दिवस येईल त्याला सांगत होत्या. आमच्या घरात जावयाला कुणी उलट बोलत नाही. त्यांच्या पुढ्यातलं ताट त्यांनी सांगेपर्यंत उचलायचं नाही, ते बसले असताना मोठ्यानं भांडं ठेवायचं नाही. मी हे सगळं पाळलं, मनापासून पाळलं.

कॉलनीच्या तोंडाशीच आम्ही एक खोली भाड्यानं घेतली. आत रस्त्याचं डांबरीकरण पौषात सुरू झालं. दुपारी मी यांचा डबा घेऊन जायची आणि यांचं जेवण होईपर्यंत लिंबाखाली बसायची. तिथं बसून मी तो रस्ता होताना पाहिला, अगदी पहिल्या गाडीपासून.

डंपर यायचा, त्यावर ताडपत्री. माल ओतला की वाफेचा ढग उठायचा. झाबुआकडचे मजूर, बाया आणि पुरुष, टायरच्या चपला घालून तो पसरायचे. त्यांच्या मागून हे रोलर घेऊन यायचे. रोलरच्या लोखंडी चाकावर सारखं पाणी टपकत असतं, नाहीतर डांबर चाकाला चिकटतं. ते पाणी गरम मालावर पडलं की छन् करतं. पहिल्या दिवशी यांनी मला जवळ बोलावलं.

"ऐक. छन् होतंय ना? तोवर माल जिवंत. तोवरच दाबून घ्यायचा. आवाज थांबला की मी नुसता येरझाऱ्या घालतो असं समज."

मला ते फार आवडलं. मी डबा धरून तो आवाजच ऐकत बसायची.

आठ-दहा दिवसांनी तो आवाज लवकर थांबायला लागला. हे वळून परत येईपर्यंत छन् बंद. चाकाखाली कडकड वाजायचं आणि मागं काळ्यात पांढरे ठिपके राहायचे. ती फुटलेली गिट्टी होती, म्हणजे खडी.

त्या दिवशी घरी मी संक्रांतीची चिक्की करत होते. यांनी आल्या आल्या हातपायही न धुता पाटावर बसून सांगितलं, "आज पाऊणच इंच टाकला. दाबून दीड इंच व्हायला पाहिजे. म्हणजे टाकताना दोन इंचांच्या आसपास पाहिजे."

"पातळ असला तर लवकर दबेल ना?" मी विचारलं. मला खरंच तसं वाटलं होतं.

यांनी ओट्यावरच्या गोळ्याकडं बोट केलं. "ते लाट बघू एकदम पातळ. दाण्याहून पातळ."

मी लाटायला घेतलं. लाटणं दाण्यांवर चढलं आणि दाणे कचाकचा फुटले. मधल्या पाकाला लाटणं लागलंच नाही, आणि तेवढ्यात तो वाळला. उचलायला गेले तर हातात भुगा आला.

"मोडली," मी म्हटलं. "दाणे फुटले, नि पाक आधीच गार."

"हेच तर! गिट्टी पाऊण इंचाची आणि थर पण पाऊण इंचाचा. चाक गिट्टीवरच चालतं. त्यात ही थंडी. जाड थर पोटात ऊब धरून ठेवतो, पातळ थर वारा लागला की मेला. मग मी वीस फेऱ्या मारू दे नाहीतर रोलरवर झोपू दे, फळ एकच."

"मग चांगला जाडच टाका म्हणावं."

"जाड तरी किती? कॉलनीच्या फाटकाजवळच्या खोलगट जागेत पाच इंच एकदम ओतलाय. वरचा दबला, तळ मऊच राहिला. एवढ्या खाली दाब पोचत नाही. दोनदा टाका, दोनदा दाबू म्हणत होतो. कोण ऐकतो."

भाऊजी ऐकणारे नव्हतेच. उरलेला माल कुठं जात होता ते मला माहीत नाही, पण भरलेला डंपर अर्धा रिकामा करून परत फिरताना मी पाहिला आहे. आणि अजून एक पाहिलं. विजेचा खांब आला की भाऊजी हात वर करायचे आणि ओरडायचे, "यहाँ भर के डालो!" मग खांबासमोरच्या सात-आठ हात जागेत माल पुरता दोन इंच पडायचा. खांब मागं गेला की परत पातळ.

"हे कशाला?" मी यांना विचारलं.

"जाडी तपासणारे लोक खड्डा खांबासमोर खणतात. कागदावर लिहायला सोपं, अमुक नंबरच्या खांबासमोर. सगळ्या साइटवर असंच चालतं."

यांनी एकदा, फक्त एकदाच, सगळ्यांसमोर भाऊजींना सांगितलं की असा रस्ता टिकायचा नाही. भाऊजी हसले. "सालेसाहेब, तुम्ही चाक फिरवा. डोकं फिरवायला मी आहे ना." मजूरही हसले. यांनी मान खाली घालून रोलर सुरू केला.

होळीपर्यंत गिट्टी सुटायला लागली. शाळेतल्या एका बाईंची लूना घसरली आणि त्यांचा हात मोडला. प्लॉटवाल्यांनी शेठजींच्या ऑफिसात जाऊन आरडाओरड केली, की असा रस्ता आम्ही ताब्यात घेणार नाही. त्याच दिवशी संध्याकाळी भाऊजी आमच्याकडं आले. हातात पेढ्यांचा पुडा आणि खिशात एक कागद होता. सासूबाईंनी खाटेवर चादर अंथरली. मी आत दाराशी उभी राहिले.

"शेठजींना कुणाचंतरी नाव पाहिजे," भाऊजी म्हणाले. "माझं दिलं तर मी कायमचा गेलो. तुमचं दिलं तर दोन महिन्यांनी मीच तुम्हाला परत आणतो. घरातलीच गोष्ट आहे."

यांनी कागद वाचला. हिंदीत होता. ड्यूटीच्या वेळी मी रोलर उभा करून झोपायचो, पूर्ण फेऱ्या मारल्या नाहीत, म्हणून सडक उखडली. खाली सहीची जागा.

"मी झोपलो नाही," हे म्हणाले.

"तुम्ही झोपलात असं कोण म्हणतंय? कागद म्हणतोय." भाऊजींनी पेढ्यांचा पुडा उघडला. "तुमच्या बहिणीला सातवा लागलाय. आता ती घाबरली, काही झालं, तर? तुम्हीच सांगा."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "जावईबापूंची अब्रू ती आपल्या पोरीची अब्रू. कर रे सही."

मला ओरडावंसं वाटत होतं की करू नका, एकदा केलीत की ती पुसता येणार नाही. मी तोंड उघडलंसुद्धा. मग चहा घेऊन बाहेर गेले. यांनी सही केली तेव्हा माझ्या हातात ट्रे होता.

"वहिनी, चहा फर्स्ट क्लास," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी अजून अर्धा कप मागितला. मी दिला.

दुसऱ्या दिवशी प्लॉटवाले जमले होते. मी नेहमीसारखी डबा घेऊन गेले होते. भाऊजींनी चालता रोलर थांबवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उतरो भाई. सोना है तो घर जाके सोओ." लोक हसले. आदल्या संध्याकाळी आमच्या खाटेवर बसून यांना पेढा भरवणारे तेच भाऊजी. हे उतरले, माझ्याजवळ आले, डबा माझ्या हातातून घेतला आणि न उघडताच घरी चालू लागले.

त्यानंतर उज्जैनमध्ये यांना कुणी रोलरवर घेतलं नाही. देवास गेटच्या ज्या हॉटेलात ड्रायव्हर लोक बसायचे, तिथं हे गेले की कुणीतरी म्हणायचं, "उस्ताद, तकिया नहीं लाए?" यांनी तिथं जाणं सोडलं. मग दुसऱ्या हॉटेलात जाणं सोडलं. मग बाहेर जाणंच सोडलं. पण मला जे सहन झालं नाही ते वेगळंच होतं. हे दिवसा आडवे पडेनासे झाले. चैत्रात यांना सणकून ताप आला, अंग भाजत होतं, तरी भिंतीला टेकून बसून राहिले. मी म्हटलं, जरा पडा. तर म्हणाले, "नको. कुणी आलं आणि बघितलं तर?"

दोन महिन्यांनी भाऊजींना विचारलं तर ते म्हणाले, जरा थांबा. रोलरवर तोवर दुसरा माणूस बसला होता.

ज्येष्ठात नणदेला मुलगी झाली. बारशाला आम्ही सगळे गेलो. घर पाहुण्यांनी भरलं होतं, बायका पाळणा म्हणत होत्या, आणि एवढ्या गोंगाटात ती बाळी गाढ झोपली होती. कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "किती शहाणी आहे!"

भाऊजी म्हणाले, "मामावर गेलीय. दिवसा झोपते."

सगळे हसले. सासूबाई पदरात तोंड लपवून हसल्या. नणंदही हसली. आणि हे, पाळण्याशेजारी उभे असलेले हे, तेही हसले. कसं हसले ते मी बघितलं. मी त्या वेळी पंगतीला पुऱ्या वाढत होते. माझं तिथंच ठरलं. काय करायचं ते ठाऊक नव्हतं, पण यांना असं हसायला लावणारा माणूस सगळ्यांसमोर असाच खाली उतरला पाहिजे, एवढं पक्कं झालं.

काय करायचं तेही भाऊजींनीच सांगितलं. पंगतीत जेवता जेवता ते कुणालातरी सांगत होते, की प्लॉटवाल्यांनी एक रिटायर्ड इंजिनिअर गाठलाय, पुढच्या आठवड्यात रविवारी सकाळी सडक खणून बघणार आहे. "वरून डामर मारून बारीक रेती टाकलीय, नव्या साडीसारखी दिसते सडक. खणायच्या जागा मलाच दाखवायच्यात. आदल्या संध्याकाळी खांबासमोर सहा गोल मारून ठेवतो चुन्याचे. खणू दे म्हाताऱ्याला. दीड इंच निघेल, दगडासारखा पक्का. सडक पास."

मी त्यांना पुरी वाढली. ते म्हणाले, "बस, बस, वहिनी." मी अजून एक वाढली.

सडक पास झाली असती म्हणजे तो कागद कायमचा खरा झाला असता. हे माझ्या डोक्यात पूर्ण आठवडा फिरत होतं. खांबासमोर खणलं तर जाडी पुरेशी निघणार. मग बाकी जे उखडलं त्याचं कारण काय राहणार? झोपलेला ड्रायव्हर.

शनिवारी संध्याकाळी भाऊजी चुन्याचं पोतं घेतलेला मजूर बरोबर घेऊन आले आणि सहा खांबांसमोर सहा गोल मारून गेले. मी दारातून बघितलं.

रविवारी पहाटे मी बादली, केरसुणी, तांब्या आणि चुन्याची पिशवी घेऊन निघाले. घराला सफेदी करून उरलेला चुना होता. आमच्याकडं बायका पहाटे सडा घालतात, रांगोळी काढतात. पांढरी भुकटी घेऊन जमिनीवर वाकलेल्या बाईकडं कुणी बघत नाही. दूधवाला सायकलवरून गेला, त्यानं घंटी वाजवली एवढंच. मी पहिल्या खांबासमोरचा गोल पाण्यानं धुतला, केरसुणीनं घासला, आणि पंधरा पावलं पुढं जाऊन तेवढाच गोल काढला. माझा गोल वाकडा येत नाही. तेवढाच घेर, तेवढीच जाड कड. मग दुसरा, मग तिसरा.

चौथ्याला चौकीदार आला. मी पदर ओढला.

"आज इतनी दूर तक रंगोली, भाभी?" त्यानं विचारलं. आणि स्वतःच म्हणाला, "हाँ हाँ, साहब लोग आ रहे हैं ना."

मी मान हलवली. तो विडी ओढत पुढं गेला. सहावा गोल काढून घरी आले तेव्हा उजाडत होतं, आणि ओल्या जागा वाळलेल्या होत्या.

सकाळी आठच्या सुमारास इंजिनिअर आले. बुटके, म्हातारे, डोक्यावर टोपी, सदऱ्याच्या खिशात लोखंडी पट्टी. बरोबर पहार आणि छिन्नी घेतलेले दोन मजूर. दहा-पंधरा प्लॉटवाले होते, शेठजी होते, भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या पुढं. मी पाण्याची कळशी घेऊन कडेला उभी राहिले. लोकांना पाणी द्यायला बाई लागतेच, त्यामुळं मला कुणी हटकलं नाही. हे घरात होते.

भाऊजी पहिल्या गोलाशी आले आणि थांबले. त्यांनी गोल बघितला. मागं वळून खांब बघितला. परत गोल बघितला.

"अरे, ये तो..." ते म्हणाले.

"क्या हुआ?" इंजिनिअरनी विचारलं.

आता सांगा, मी मनात म्हटलं. सांगा ना, की गोल खांबासमोर पाहिजे होता. मग ते विचारतील की खांबासमोरच का.

भाऊजींनी तोंड मिटलं. "कुछ नहीं सर."

त्यांनी सगळीकडं नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. माझ्या नखांत चुना होता. मी हात लपवले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडं सरळ बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. त्यांच्या ओठावर घाम आलेला दिसला. मला फार बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटायला पाहिजे, पण वाटत नाही.

पहार एकाच घावात आत गेली. मजुरानं हातानंच गिट्टी उकरली, चणे काढावे तशी. इंजिनिअरनी पट्टी लावली. पाऊण इंच. दुसऱ्या गोलात त्याहून कमी. तिसऱ्यातही पाऊण. प्लॉटवाल्यांत गलका झाला. इंजिनिअरनी सुटी गिट्टी तळहातावर घेतली आणि म्हणाले, "ये तो दबा ही नहीं है. रोलर चला था कि नहीं?"

बुडणाऱ्याला काडी मिळावी तसे भाऊजी पुढं झाले. "वही तो सर! ड्राइवर सोता था. लिख के दिया है उसने. मेरा सगा साला है सर, क्या बताऊँ, शरम आती है." आणि त्यांनी खिशातून तो कागद काढला. तो ते बरोबर घेऊनच आले होते.

एवढं सगळं करून परत तेच होणार होतं. थर पातळ होता हे एक, आणि दबला नाही हे दुसरं, अशी दोन पापं होणार, आणि दुसरं यांच्या डोक्यावर राहणार. मी तिथं बोलले नसते तर पुन्हा कधीच बोलले नसते.

मी कळशी खाली ठेवली. चालत मागं गेले, पहिल्या खांबासमोर उभी राहिले आणि पायानं जागा दाखवली.

"यहाँ खोदो," मी म्हटलं.

आवाज फार बारीक निघाला. इंजिनिअर कानाला हात लावून जवळ आले. "क्या बोलीं बहनजी?"

"यहाँ खोदो. खंबे के सामने. फिर अगले खंबे के सामने."

"वहिनी, तुम्ही घरी जा," भाऊजी मराठीत म्हणाले. "हे बायकांचं काम नाही."

"खोदो," इंजिनिअरनी मजुराला सांगितलं.

पहार उडाली. परत मारली, परत उडाली. मग छिन्नी लावून चारी बाजूंनी कापावं लागलं, आणि विटेएवढा तुकडा एकसंध निघाला. पट्टी लावली. दीड इंच भरून. पुढच्या खांबासमोरही तेच. इंजिनिअर बराच वेळ तो तुकडा उलटासुलटा करत राहिले. मग त्यांनी भाऊजींना विचारलं, "ये हिस्सा और वो हिस्सा, एक ही दिन डला? एक ही रोलर? एक ही ड्राइवर?"

भाऊजी हातातल्या कागदाची घडी घालू लागले.

"तो ड्राइवर हर खंबे पे जागता था, और बीच में सो जाता था?"

प्लॉटवाल्यांत कुणीतरी मोठ्यानं हसलं. या वेळी कुणावर हसले ते सगळ्यांना कळलं. इंजिनिअर शेठजींकडं वळून शिक्षकासारखे समजावू लागले, की थर गिट्टीच्या जाडीएवढाच असेल तर रोलर नुसता गिट्टी फोडतो, आणि एवढा पातळ माल थंडीत मिनिटांत गार होतो, मग देवानं जरी रोलर चालवला तरी तो बसत नाही.

भाऊजींनी शेवटचा प्रयत्न केला. "और फाटक के पास, सर? वहाँ तो पूरे पाँच इंच है, फिर भी गड्ढा हो गया. वहाँ क्या कहोगे?"

"पाँच इंच? कितनी बार में?"

"एक ही बार में, सर!" भाऊजी जोरात म्हणाले.

इंजिनिअरनी टोपी काढून डोकं पुसलं. "किसने डलवाया एक बार में?"

तेव्हा भाऊजींना कळलं, आपण काय बोललो ते. शेठजींनी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला.

"ड्राइवर कहाँ है?" इंजिनिअरनी मला विचारलं.

"घर पे हैं," मी म्हटलं. "जाग रहे हैं."

यावर कुणीही हसलं नाही.

शेठजींनी भाऊजींना त्याच दिवशी काढलं. सडक पावसाळ्यानंतर पुन्हा झाली, पूर्ण जाडीनं, फाटकाजवळ दोन थरांत, आणि रोलरवर हे होते. शेठजींनी स्वतः बोलावणं पाठवलं होतं. भाऊजींना मात्र कुठल्याही साइटवर कुणी उभं केलं नाही. उज्जैन तेवढंसं मोठं नाही. ते एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलायला लागले. मी एकदा मुद्दाम त्या दुकानात गेले होते. अर्धा किलो खिळे घेतले. घरी खिळ्यांचं काहीच काम नव्हतं.

चुन्याचं भाऊजींनी घरी सांगितलंच. सासूबाईंनी मला समोर उभं केलं. "खरं का गं?"

"हो."

"जावयाच्या ताटात माती कालवलीस," त्या म्हणाल्या, आणि आठ दिवस माझ्या हातचं जेवल्या नाहीत. नवव्या दिवशी जेवल्या, पण बोलल्या नाहीत.

हे संध्याकाळी म्हणाले, "खांबासमोर खणायला सांगितलंस ते ठीक. चुना कशाला हलवायचा? ती लबाडी झाली."

"नसता हलवला तर फक्त खांबासमोरच खणलं असतं," मी म्हटलं. "सडक पास झाली असती."

यांनी विचार केला. यंत्राचा विचार करताना करतात तसा, खाली बघत. "ते खरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून अंगणातल्या खाटेवर आडवे झाले आणि दार उघडं ठेवून चार वाजेपर्यंत घोरत होते. मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघू दिलं.

त्या वर्षी भाऊबीजेला नणंद आली नाही. पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, हे नवा सदरा घालून दुपारपर्यंत थांबले. दुसऱ्या वर्षीही आली नाही. मला वाईट वाटलं ते यांच्यासाठी. एकच बहीण.

तिसऱ्या वर्षी ती आली. लेकीला घेऊन, एकटी. आधी स्वयंपाकघरात आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "वहिनी, एकदा म्हण की चुकलं. मग मी सगळं सोडलं."

मी करंज्या तळत होते. "नाही म्हणणार, वन्सं."

"माझी पोर तीन आठवड्यांची होती. तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"आणि तरी?"

"ते कागद घेऊन आले तेव्हा तुम्हाला सातवा होता," मी म्हटलं. "यांनी सही केली ती त्या सातव्या महिन्यासाठी. तो महिना मोजून त्यांनीच आमच्यापुढं ठेवला होता. मी मोजायला त्यांच्याकडूनच शिकले."

तिला हे माहीत नव्हतं. तिच्या तोंडावरूनच कळलं की नव्हतं. मग तिनं डोळे पुसले, बाहेर जाऊन ओवाळणीचं ताट घेतलं आणि यांना ओवाळलं. यांनी भाचीला मांडीवर घेतलं.

जाताना मी फराळाचा डबा भरला. लेकीसाठी बेसनाचे लाडू, नणदेसाठी करंज्या. भाऊजींना चकली आवडते, परात भरून केली होती. त्यांतली एकही घातली नाही. तिनं डबा उघडून बघितलं, झाकण लावलं आणि निघाली.